क्रीटची अंतरे तासांत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटनाच्या पुरवण्यांत आणि सहलींच्या जाहिरातींत ग्रीसमधल्या क्रीट बेटाचे नाव हल्ली वरचेवर दिसते. सोबतचा फोटो ठरलेला असतो: पांढरीशुभ्र घरे, निळे घुमट, खाली समुद्र. ते सँटोरिनी असते. क्रीटची जुनी शहरे व्हेनिसकरांच्या आणि तुर्कांच्या हाताखालून गेलेली, मातकट पिवळ्या दगडाची आहेत. निळे घुमट शोधत फिरणाऱ्याच्या हाती तिथे फारसे काही लागायचे नाही. फोटोची गफलत एक वेळ खपून जाईल. त्याखाली छापलेला 'क्रीट: एक मुक्काम' हा कार्यक्रम मात्र खपवून घेऊ नये, कारण तो वाचून आखणी करणाऱ्याची निम्मी सुट्टी गाडीच्या काचेतून डोंगर बघण्यात जाते.

सिसिली, सार्डिनिया, सायप्रस आणि कॉर्सिका यांच्यानंतर भूमध्य समुद्रातले पाचवे मोठे बेट म्हणजे क्रीट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर. रुंदी कुठे ६० किलोमीटर, तर इएरापेत्रापाशी जेमतेम १२. रुंदी एवढीच, मग हा किनारा ते तो किनारा तासाभरात होईल, असा हिशेब नकाशा बघून कोणीही करतो. नकाशात उंची दिसत नाही, म्हणून तो चुकतो. बेटाचा कणा डोंगरांचा आहे. पश्चिमेला लेफ्का ओरी म्हणजे पांढरे डोंगर, मध्ये २,४५६ मीटर उंचीचा प्सिलोरितिस, पूर्वेला दिक्ती. बरा म्हणावा असा महामार्ग एकच, तो उत्तर किनाऱ्याने जातो. दक्षिणेला जायचे तर घाट ओलांडावा लागतो. रेल्वे नाही.

म्हणून संपादकांना विनंती, की क्रीटची अंतरे किलोमीटरमध्ये नको, तासांत छापा. हान्या ते रेथिम्नो ६० किलोमीटर, एक तास. हान्या ते हेराक्लिओन १४० किलोमीटर, गाडीने सव्वादोन तास, बसने पावणेतीन. हेराक्लिओन ते आयिओस निकोलाओस ६५ किलोमीटर, एक तास. पण तिथून पुढे सितियापर्यंत जेमतेम तेवढेच अंतर असून दीड तास लागतो. हान्या ते एलाफोनिसी ७५ किलोमीटर, नकाशा काहीही म्हणो, पावणेदोन तास धरावे. या वाटेवर तोपोलियाच्या घळीत एक बोगदा आहे. त्यातून एका वेळी एकाच दिशेची वाहने जातात, तोंडाशी सिग्नल आहे, आणि ऑगस्टमध्ये सकाळी दहानंतर तिथे रांग लागते. हान्याहून पूर्व टोकाच्या वाईला जायला एका बाजूने पाच तास लागतात. (या वाईचे आपल्या वाईशी नावापुरतेच नाते. इथे कृष्णामाई नाही, खजुरीचे बन आहे.)

नावावरून आठवले: इंग्रजी स्पेलिंग 'सी-एच'ने सुरू होते म्हणून आपल्याकडे सर्रास 'चानिया' छापतात. तिथे ते हान्या आहे. बसच्या खिडकीवर चानिया म्हटले तरी तिकीट मिळेल, पण बसवरची ग्रीक पाटी वाचताना आणि घोषणा ऐकताना गोंधळ होतो.

आता मुक्कामांचे. सात दिवस असतील तर हान्याला चार रात्री आणि हेराक्लिओनला तीन, आणि पूर्व टोकाचा मोह सोडायचा. दहा दिवस असतील तर मध्ये दक्षिण किनाऱ्यावर दोन-तीन रात्री घालाव्या. प्लाकियास, लुत्रो किंवा मताला, यांपैकी एकच गाव. लुत्रोला रस्ताच जात नाही, बोटीने किंवा पायी जावे लागते. सामान चाकांच्या बॅगेत असेल तर तसे ठरवा. संपूर्ण बेट 'करायचे' असेल तर दोन आठवडे लागतात, आणि तरीही डोंगरातली गावे राहतात. विमानतळ हान्या आणि हेराक्लिओन दोन्हीकडे आहेत. एकीकडे उतरून दुसरीकडून निघावे, म्हणजे मागे फिरण्याचा दिवस वाचतो. भाड्याची गाडी एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडायला काही ठिकाणी जादा पैसे पडतात, ते आधी विचारून घ्या. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्रीची बोटही आहे. आठ-नऊ तासांत पहाटे पोहोचवते आणि एका रात्रीचे हॉटेल वाचते. हान्याची बोट प्रत्यक्षात सूदा बंदराला लागते, तिथून गाव सात किलोमीटरवर.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि १५ दिवसांपेक्षा उशीर चालत नाही. प्रौढांची फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचे आरोग्य विमाकवच. सहलीत दोन-तीन देश असतील तर जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे अर्ज. पहिल्यांदा शेंगेनमध्ये शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे. अथेन्सला उतरून क्रीटचे विमान पकडायचे असेल तर मध्ये तीन तास हवेतच.

ऋतूच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे शाळेच्या सुट्टीला चिकटून एप्रिल धरणे. एप्रिलमध्ये डोंगर फुललेले असतात, अवशेष बघायला हवा छान असते, पण समुद्र गार असतो. मेच्या अखेरीसही पाणी २० अंशांच्या आसपास, आत शिरताना अंगावर काटा येतो. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, म्हणून सप्टेंबरमध्ये हवा उतरलेली असते आणि पाणी २५ अंशांच्या जवळपास असते. सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. दुसरी निवड जून. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी, दर आणि वारा हे चारही शिगेला असतात. नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावरची बरीच हॉटेले कुलूपबंद. शहरे मात्र चालू असतात.

या वाऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत तो कधीच नसतो. उन्हाळ्यात उत्तरेकडून 'मेल्तेमी' वाहतो, कधी सलग चार-पाच दिवस. तो उत्तर किनाऱ्यावर थेट आपटतो, लाटा उठवतो, आणि परत ओढणारा प्रवाह तयार करतो. लाल झेंडा असेल तर पाण्यात शिरू नये. पट्टीचा पोहणारा असला तरी. मग लोक म्हणतात, दक्षिणेला जाऊ, मध्ये डोंगर आहे. लाटा तिथे खरेच कमी असतात. पण तोच वारा डोंगर ओलांडून घळींतून खाली कोसळतो तेव्हा प्लाकियास आणि फ्रांगोकास्तेलोला झोताने येतो आणि वाळू पोटऱ्यांना सुईसारखी टोचते. हवामानाच्या अंदाजात वारा बोफोर्टच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या मापाच्या, आकड्यात दिलेला असतो. ३ पर्यंत कुठेही जा. ५ ला छत्री उडते. ६ च्या पुढे त्या दिवशी वस्तुसंग्रहालय बघावे. किनारा आदल्या संध्याकाळी हा आकडा आणि दिशा बघून ठरवायचा, महिनाभर आधी नव्हे.

एलाफोनिसीची गुलाबी वाळू फोटोत अख्ख्या किनाऱ्यावर पसरलेली दिसते. खरे तर ती पाण्याच्या कडेला, पट्ट्यापट्ट्यांनी असते. शिंपल्यांचा आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा चुरा पांढऱ्या वाळूत मिसळून तो रंग येतो. लाटेने वाळू ओली झाली की गडद दिसतो, भर दुपारी पांढुरका पडतो. पाणी इतके उथळ की समोरच्या बेटावर गुडघा-कमरेइतक्या पाण्यातून चालत जाता येते, म्हणून लहान मुलांसाठी यासारखी जागा नाही. जागा संरक्षित आहे. वाळू बाटलीत भरून नेणे बेकायदा, दोर लावलेल्या टेकाडांवर चढणे आणि छत्र्या रोवणे वर्ज्य. साडेनऊच्या आत पोहोचावे किंवा चारनंतर. अकराला पार्किंग भरलेले असते.

बालोसच्या किनाऱ्याला जायच्या वाटा दोन, आणि दोन्हींत खोच आहे. किस्सामोसच्या बंदरातून बोट जाते, वाटेत ग्राम्वुसा बेटावर व्हेनिसकरांच्या किल्ल्याशी थांबते. वारा वाढला की ती रद्द होते. दुसरी वाट कालिव्यानी गावापुढच्या सुमारे आठ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याची. टोकदार खडी आहे, आणि भाड्याच्या गाडीचा 'संपूर्ण विमा' अशा रस्त्यावर बहुधा लागू होत नाही. 'संपूर्ण' म्हटले तरी टायर, काचा आणि गाडीचा तळ त्यात आहे का, हे करारात वाचावे लागते. गाडी लावल्यावर पायऱ्यांनी २० मिनिटे खाली. उतरताना काही वाटत नाही. दुपारी दोनला सावली नसलेल्या त्याच पायऱ्या चढताना किती पाणी आणायला हवे होते ते कळते. माणशी दीड लिटर धरा.

फलासार्नाला मात्र बहुतेक लोक सूर्यास्त बघून परततात आणि खरी गोष्ट चुकवतात. वाळूच्या उत्तर टोकाकडून कच्च्या वाटेने पुढे गेले की प्राचीन बंदराचे अवशेष लागतात, आणि ते बंदर कोरडे आहे. इ. स. ३६५ च्या भूकंपात क्रीटचा पश्चिम भाग वर उचलला गेला, काही ठिकाणी तब्बल नऊ मीटर. इथे तो साडेसहा मीटरच्या आसपास उचलला. गलबते जिथे लागायची, तिथे आज झुडपे आहेत. जवळच्या कड्यांवर जुन्या पाणरेषेची खाच उभ्या माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आडवी धावताना दिसते. ती एकदा ओळखता आली की पश्चिम किनाऱ्यावर गाडीतूनही दिसत राहते.

प्रेवेलीला नदी समुद्राला मिळते, काठावर खजुरी. २०१० च्या आगीत त्या जळाल्या होत्या, पण बुंधे तगले आणि बन पुन्हा उभे राहिले. रेथिम्नोच्या लांबलचक वाळूवर समुद्री कासवे अंडी घालतात. पिंजऱ्याने खुणावलेल्या घरट्याजवळ छत्रीचा दांडा रोवू नये आणि रात्री दिवे पाजळू नयेत. खडकाळ जागी समुद्री साळिंदराचे काटे पायात मोडतात, साध्या रबरी पाणबुटांनी हे टळते.

इतिहासासाठी हेराक्लिओन. इथे क्रमाला महत्त्व आहे. पहिल्या संध्याकाळी पुरातत्त्व संग्रहालय, दुसऱ्या सकाळी आठला क्नोसोस, म्हणजे प्राचीन राजवाड्याचे अवशेष. उलटे केले तर क्नोसोसमध्ये काय पाहतो आहोत ते कळत नाही, आणि दुपारी अकरानंतर तिथे ऊन आणि क्रूझच्या बसगाड्या दोन्ही एकदम येतात. क्नोसोसचे तिकीट वेळ ठरवून, सरकारी ई-तिकीट संकेतस्थळावरून घ्यावे. शहरातून दोन क्रमांकाची बस जाते, अंतर पाच किलोमीटर. टॅक्सीची गरज नाही.

क्नोसोसच्या टेकडीत पहिले उत्खनन १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक माणसाने केले. नाव झाले ते १९०० मध्ये खोदकाम सुरू करणाऱ्या आर्थर एव्हान्सचे. एव्हान्सने नुसते खोदले नाही, उभारलेही. लाल रंगाचे, वरून जाड आणि खाली निमुळते होत जाणारे जे खांब प्रत्येक फोटोत दिसतात, ते लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे आहेत. मूळ खांब लाकडाचे होते, ते जळून-कुजून गेले होते. यावर अभ्यासकांचे वाद आजही चालू आहेत. आमचे मत विचाराल तर एव्हान्सने अति केले, पण त्याने काहीच केले नसते तर सामान्य पर्यटकाला गुडघाभर भिंतींपलीकडे काही दिसले नसते. मौज अशी की त्याचे काँक्रीटही आता शंभरीला आले असून त्याचीच डागडुजी करावी लागते.

संग्रहालयात 'लिलींचा राजपुत्र' म्हणून प्रसिद्ध असलेल्या भित्तिशिल्पासमोर पाच मिनिटे उभे राहा. बाजूने, तिरप्या नजरेने पाहिले की मूळ तुकडे उठून दिसतात: मुकुटाचा भाग, छातीचा भाग, पायाचा थोडासा. बाकी सगळे विसाव्या शतकातले प्लास्टर. चेहरा तर नव्यानेच रंगवलेला. तुकडे एकाच आकृतीचे होते की नाही यावरही मतभेद आहेत. हे एकदा पाहिले की दुसऱ्या दिवशी क्नोसोसच्या भिंतींवरची चित्रे वेगळ्या डोळ्यांनी पाहिली जातात. (तिथली चित्रे प्रतिकृती आहेत, मूळ तुकडे संग्रहालयात.) फेस्तोसची तबकडी संग्रहालयातच आहे. १९०८ मध्ये सापडलेली, सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाची, भाजलेल्या मातीची. दोन्ही बाजूंना चक्राकार ओळीत शिक्के उमटवलेले, आणि आजवर कोणाला लागलेली नाही. हे राजवाडे बांधणाऱ्या प्राचीन मिनोअन लोकांची 'लिनिअर ए' लिपीही वाचता आलेली नाही. नंतरची 'लिनिअर बी' १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने उलगडली, तेव्हा ती ग्रीक भाषाच निघाली.

अर्धा दिवस हाती असेल तर दक्षिणेला फेस्तोसला जावे. तिथे काँक्रीट नाही, गर्दी नाही, आणि राजवाड्याच्या फरशीवर उभे राहून मेसारा खोरे आणि प्सिलोरितिस दिसतो. वाटेत गोर्टिनला इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला कायदा दगडी भिंतीवर कोरलेला आहे. वारसा, घटस्फोट, दत्तक, सगळे त्यात येते. एक ओळ उजवीकडून डावीकडे, तर पुढची डावीकडून उजवीकडे, बैल नांगर फिरवतो तशी. या पद्धतीचे ग्रीक नावही बैलाच्या वळण्यावरूनच पडले आहे. अक्षरेही ओळीगणिक उलटी होतात. ग्रीक न येणाऱ्यालाही ते डोळ्यांनी पडताळता येते. क्नोसोस, फेस्तोस, मालिया, झाक्रोस, झोमिन्थोस आणि किदोनिया ही सहा मिनोअन केंद्रे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली.

पुढचा इतिहास शहरांत चालता-चालता दिसतो. १२०४ नंतरची व्हेनिसची सत्ता, मग १६४८ ते १६६९ असा २१ वर्षे चाललेला हेराक्लिओनचा वेढा, त्यानंतर तुर्क, १८९८ पासून स्वायत्तता आणि १९१३ मध्ये ग्रीसमध्ये विलीनीकरण. हान्याच्या बंदरावर व्हेनिसचे गलबतांचे कारखाने आणि तुर्कांची मशीद हाकेच्या अंतरावर आहेत. मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिक उतरले ते हान्याजवळच्या मालेमेला. तिथे जर्मन दफनभूमी आहे आणि सूदाला दोस्त सैनिकांची. दोन्ही एकाच दिवशी पाहाव्यात. पूर्वेला स्पिनालोंगा हा व्हेनिसचा किल्ला १९०३ ते १९५७ कुष्ठरोग्यांची वसाहत होता. प्लाका गावातून बोट घेतली तर दहा मिनिटे लागतात, आयिओस निकोलाओसहून तासभर. बेटावर सावली नावालाच.

समारिया घळीबद्दल फार गैरसमज आहेत. 'उतारच तर आहे' म्हणून लोक चपला घालून जातात. सुरुवात ओमालोस पठारावर सुमारे १,२३० मीटरवर, शेवट समुद्रावर, एकूण १६ किलोमीटर, पाच ते सात तास. पहिला टप्पा तीव्र उतरणीचा आणि गुडघ्यांची परीक्षा तिथेच होते. नखे काळी पडतात ती बूट छोटा असल्याने. उतरताना बोटे पुढे आदळतात, म्हणून अर्धा क्रमांक मोठा बूट आणि घोट्याशी घट्ट नाडी. वाटेत झरे आहेत, अर्ध्या लिटरची बाटली भरत जावी. दरड कोसळण्याच्या जागी पाट्या आहेत, तिथे फोटोसाठी थांबू नये. साधारण निम्म्या वाटेवर समारिया गावाची ओसाड घरे लागतात. १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा गाव उठले. तिकीट फेकू नका, बाहेर पडताना तपासतात. आत कोणी राहिले नाही ना, हे त्यावरूनच कळते.

घळ मे ते ऑक्टोबर खुली असते. पाऊस किंवा अति उष्णता असेल त्या दिवशी बंद. खाली आया रुमेलीला रस्ता नाही. संध्याकाळची शेवटची बोट हुकली तर रात्र तिथेच. ती बोट होरा स्फाकिऑन किंवा सुयाला नेते, आणि तिथून हान्याची बस. म्हणूनच गाडी घेऊन ओमालोसला जाऊ नये: आपण खाली समुद्रावर आणि गाडी वर डोंगरात, असे होते. सकाळी हान्याहून बसनेच निघावे.

गाडी मात्र बाकी दिवसांसाठी हवीच. आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्यापूर्वीच काढायचा. गाड्या बहुतेक हातगियरच्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर दोन-तीन महिने आधी सांगा. वाहतूक उजवीकडून, म्हणजे गियर उजव्या हाताला. उत्तर महामार्गावर एक रिवाज लक्षात ठेवा: मागून वेगात गाडी आली की पुढचा चालक उजवीकडच्या कडेच्या पट्ट्यावर सरकतो आणि वाट देतो. न सरकल्यास मागचा नाराज होतो. पण वळणावर डोळे झाकून सरकू नका, त्या पट्ट्यावर बंद पडलेली गाडी किंवा सायकलवाला असू शकतो. डोंगरात वळणापलीकडे शेळ्या असतात. खेड्यातले पेट्रोलपंप रात्री आणि रविवारी बंद राहतात, अर्ध्या टाकीवर आले की भरून घ्या.

जेवणाबद्दल आपल्याकडे भीतीच फार. शाकाहारी माणसाचे क्रीटमध्ये उत्तम चालते, फक्त शब्द माहीत हवेत. 'होरिस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय. 'निस्तीसिमो' म्हणजे उपासाचे: मांस, दूध, अंडी वर्ज्य. पण सावधान, त्यांच्या उपासाला कालवे, माकूल आणि ऑक्टोपस चालतात. 'येमिस्ता' म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. खिमा नसलेल्यांना तिथे 'ऑर्फाना' म्हणतात, म्हणजे पोरके. 'होर्ता' म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. 'फावा' हे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे घट्ट वरण, कच्च्या कांद्यासह. हान्याचे 'बुरेकी' बटाटा, दुध्यासारखी झुकिनी, मिझिथ्रा चीज आणि पुदिन्याचे. फसवणारा पदार्थ म्हणजे 'गामोपिलाफो', लग्नातला भात. दिसतो अगदी साधा पांढरा, पण शिजतो मांसाच्या रश्श्यात. कडक शाकाहारींनी हेही ध्यानात घ्यावे की ग्राविएरासारखी जुन्या पद्धतीची चीज विरजताना प्राण्याच्या पोटातले रेनेट वापरतात.

'डाकोस' बेटभर मिळतो आणि बेटभर बिघडलेलाही मिळतो. त्याचा पाया म्हणजे 'पाक्सिमादी', दोनदा भाजलेला जवाचा पाव, दगडासारखा कडक. जवात गव्हाइतका चिकटपणा नसतो, त्यामुळे तो घट्ट बसतो आणि कोरडा असल्याने महिनोन् महिने टिकतो. तो नळाखाली दोन-तीन सेकंद धरायचा, बस्स. जास्त भिजला की लगदा होतो, न भिजवता दिला तर दात दुखतात. दोघांसाठी दोन पाव, एक मोठा पिकलेला टोमॅटो किसून रसासकट, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, वर चक्क्यासारखे आंबटसर मिझिथ्रा तीन चमचे आणि चुरडलेला ओरेगानो. पाच मिनिटे ठेवले की टोमॅटोचा रस आत उतरतो, कडेला कुरकुर राहते. मिझिथ्राऐवजी 'फेटा' चीजचे चौकोनी तुकडे टाकून आला तर ती पर्यटकांची सोय समजा.

मांसाहारींसाठी दोन गोष्टी: मिठावर तोंड पालथे करून तळलेल्या, व्हिनेगर आणि रोझमेरी घातलेल्या गोगलगायी, 'होहली बुबुरिस्ती', आणि जाळाभोवती उभे मांडून सावकाश भाजलेले 'अंतिक्रिस्तो' कोकरू. मासा मेनूत किलोच्या दराने लिहिलेला असतो. तोलून दाखवायला सांगा, म्हणजे बिल आल्यावर वाद नाही. ताज्या शिजवलेल्या भाज्यांसाठी दुपारी जा. त्या सकाळी एकदाच होतात आणि रात्री उरलेल्याच असतात. रात्रीचे जेवण नऊला. साडेसहाला गेलात तर रिकाम्या खुर्च्या आणि परदेशी मेनूकार्ड. शेवटी फळ आणि छोट्या बाटलीत 'राकी' ही कडक दारू न मागता येते, पैसे लागत नाहीत. परत गाडी चालवायची असेल त्याने नुसता पेला ओठाला लावून ठेवावा, कोणी रागावत नाही.

पैशांचे एक: हॉटेलच्या दराखेरीज सरकारी हवामान शुल्क खोलीमागे, रात्रीमागे, तिथेच द्यावे लागते. २०२५ च्या दरांनुसार एप्रिल ते ऑक्टोबर एक-दोन तारांकितला २ युरो, तीनला ५, चारला १०, पाचला १५. आठ रात्री चार तारांकित म्हणजे ८० युरो, ते आधीच्या बुकिंगमध्ये दिसत नाहीत. जेवणात पावाचे वेगळे पैसे लावतात. शौचालयात कागद भांड्यात नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, कारण नळ्या अरुंद आहेत.

परतताना थाइमचा मध आणि ऑलिव्ह तेल घेणार असाल तर ते चेक-इन सामानात, तेही काचेच्या बाटलीऐवजी पत्र्याच्या डब्यात. हातसामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठे भांडे चालत नाही, आणि मधही त्यात धरतात. तेलावर 'कोरोनेकी' ही जात आणि तोडणीचे साल छापलेले बघा. ऑलिव्हची तोडणी हिवाळ्यात होते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये विकत घेतलेले 'ताजे' तेल किमान सहा-सात महिन्यांचे असते.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक